चवथीला भावाला आतल्या खोलीत बसवायचं का?

डिचोलीची माहेरवाशीण:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, दीड महिना बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखल होता. आता रात्रीची गोळी, महिन्याला ओपीडी, आणि सकाळी बाबांच्या दुकानात हिशेब. बरा आहे. म्हणजे झोप जास्त येते, बोलणं कमी झालंय, पण बरा आहे.

आमची चवथ, म्हणजे गणपती, मूळ घरात, सगळी चुलत घरं एकत्र. भाऊ पंधराव्या वर्षापासून आरतीला घुमट (मातीचं, चामडं लावलेलं वाद्य) वाजवायचा. गेल्या वर्षी आम्हीच त्याला "तू दमशील" म्हणून आत बसवला. मी पाणी द्यायला गेले तर दार जरासं किलकिलं करून बसलेला, आरती ऐकत मांडीवर बोटं वाजवत होता. यंदा चुलत वहिनीचा आधीच फोन आला, "ताका भायर हाडूं नाका, भुरगीं भियेतात." (त्याला बाहेर आणू नका, मुलं घाबरतात.)

राग आला. पण खरं सांगायचं तर आजारात एका रात्री त्याने याच वहिनीच्या खिडकीवर दगड मारला होता. काच तिच्या मुलाच्या पायाला लागली. तेव्हा तिला काय बोलणार? शिवाय काका म्हणतात, त्याची सही आता चालणार नाही, दुकानाच्या खात्यातून नाव काढा. काय करू?

कपबशी, फोंडा:
ताई, मला बायपोलर आहे. अकरा वर्षं लिथियम घेते. त्या गोळीने हाताला बारीक कंप असतो, कपबशी धरली की खुळखुळते. पूर्वी हळदीकुंकवाला तो आवाज झाला की बायका एकदम साड्यांच्या काठांबद्दल बोलायला लागायच्या. नणंद तर कप हातातून काढूनच घ्यायची, मायेने. शेवटी मी सांगायला लागले, "मला मगात द्या, अर्धाच भरा, गोळीमुळे हात हलतो." एवढंच. आता जावेची नवी सूनही न विचारता मग आणते. आजारावर भाषण मी कुणाला दिलेलं नाही.

भावाला आत बसवलंत तर बंद दारामागे काय आहे ते मुलं आपल्या मनाने रचतील, आणि ते तुमच्या भावापेक्षा फार भयंकर असेल.

दगडाचं मात्र झाकू नका. चवथीच्या गर्दीत नको, आठवडाभर आधी, त्याची तयारी असेल तर त्याला घेऊन वहिनीकडे जा. त्याचं त्याला बोलू दे. आजारात मी नवऱ्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्या साहेबांना नको नको ते बोलले होते. बरी झाल्यावर सगळे म्हणाले, जाऊ दे, तू आजारी होतीस. आणि मला टाळायला लागले. दीड वर्षाने मी जाऊन माफी मागितली तेव्हा कुठे साहेब माझ्याकडे बघून बोलले. आजारी माणसाला माफी मागायलाही कुणी देत नाही हो.

आणि घरात आवाज कधी खाली जातो ते बघा. सासूबाई ब्लडप्रेशरची गोळी माजघरातून ओरडून मागायच्या, माझ्या गोळीला मात्र "तिची ती" म्हणायच्या, तेही कुजबुजत.

घुमट त्याच्या हातात द्याच. रात्रीची गोळी आरतीआधी की नंतर, हे ओपीडीत विचारा, आपल्या मनाने पुढे ढकलू नका. सणात गोळ्या चुकतात आणि पंधरा दिवसांनी आपण म्हणतो, अचानक काय झालं!

दोन मुलांची आई:
तुमचं ठीक आहे, कपबशीताई. पण एकदा काच लागलीय. पुन्हा होणार नाही याची हमी कोण देणार?

कपबशी, फोंडा:
हमी कुणीच देणार नाही. पण आधी खुणा दिसतात. कुणाची झोप उडते, कुणी जेवण टाळतो, कुणी खिडक्या लावून घेतो. याची खूण काय ते घरच्यांना ठाऊक असणारच. ती वहिनीला सांगून ठेवा, फोन कुणाला करायचा तेही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. आणि वेडा म्हणून माणसावर दगड मारणारी पोरं मी जास्त पाहिली आहेत.

वकिलाचा कारकून, म्हापसा:
फक्त सहीबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ३ वाचा. नुसता आजार आहे म्हणून कुणी अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, तसं सक्षम कोर्टाने जाहीर करावं लागतं. काकांना विचारा, हुकूम कुठल्या कोर्टाचा? (काकांना काळजी पुतण्याची की खात्याची, ते तुम्ही जाणा.)

पणजीचा म्हातारा:
आमच्या लहानपणी मस्ती केली की आई म्हणायची, "आल्तिनार धाडटलें." तेव्हा हे मनोरुग्णांचं इस्पितळ पणजीच्या आल्तिनो टेकडीवर होतं, नाव आबे फारियाचं. म्हणजे कांदोळीत जन्मलेल्या त्या पाद्रीचं, ज्याने संमोहन समजावताना सांगितलं की झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून, संमोहन करणाऱ्याच्या कुठल्या शक्तीने नव्हे. जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, सगळे हौसेने फोटो काढतात. पुढे इस्पितळ बांबोळीला गेलं आणि धमकीही मागोमाग गेली. माझी नात परवा मैत्रिणीला म्हणाली, "तुका बांबोळेंक व्हरूंक जाय," म्हणजे तुला बांबोळीला न्यायला हवं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

डिचोलीची माहेरवाशीण:
चवथ झाली, म्हणून लिहिते. भाऊ वहिनीकडे गेला होता. उंबऱ्यातच उभा राहून दोन वाक्यं बोलला. ती "बरें" म्हणाली आणि आत गेली. आरतीला ती बाहेर आलीच नाही, पण तिचा मुलगा माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) उभा राहून घुमटाकडे टक लावून बघत होता. तिसऱ्या आरतीला भावाचा ठेका चुकला, शामेळ हे साथीचं वाद्य वाजवणाऱ्याने सांभाळून घेतला. डॉक्टरांनी गोळी आरतीनंतर चालेल म्हटलं होतं, ती घेतली आणि माणसांतच, भिंतीला टेकून झोपला.

काकांना कलम ३ दाखवलं. "बघूंया" म्हणाले. नाव अजून खात्यावर आहे.

पुढच्या ओपीडीला वजनाचं विचारायचंय, आठ किलो वाढलंय. नेवऱ्याही भरपूर खाल्ल्यात.