मदत हवी आहे: रत्नागिरीत मावशींकडे मुक्काम, पुढे सागरी मार्गाने गोवा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही दोघं पुण्याहून गाडीने गोव्याला निघतोय. वाटेत रत्नागिरीला यांच्या मावशींकडे दोन रात्री राहू. खरं तर प्रवासाचं कारण त्याच आहेत, गोवा नंतर. मावशींनी ऐंशी ओलांडलीय आणि गुडघ्यांमुळे त्या हल्ली घराबाहेर पडतच नाहीत. मिऱ्याचा समुद्र पाहून किती दिवस झाले, असं फोनवर म्हणाल्या, ते मनात राहिलंय.

त्यांना गाडीतून बाहेर न्यायचंय. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जावं असा विचार आहे, कारण तिथे गाडीत बसूनही समुद्र मनसोक्त दिसतो. पुळ्याच्या देवळात व्हीलचेअर मिळते का? गाडी किती जवळ नेता येते? रत्नदुर्गाच्या पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत. संध्याकाळी थिबा पॉइंटवर बसायला सोय आहे का?

दुसरं, पुण्याहून रत्नागिरीला येताना कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठावं की कोल्हापूरवरून आंबा घाटाने यावं? अलीकडे गेलेल्यांनी रस्त्याची स्थिती जरूर सांगा. चालवणारे हे एकटेच, त्यामुळे अंधार पडायच्या आत रत्नागिरीजवळचं हातखंबा गाठायचंय.

पुढे हायवे नको. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर करत विजयदुर्गाला मुक्काम करायचाय. कशेळीचं कनकादित्य मंदिर दुपारी बंद असतं का? विजयदुर्गात घरगुती, शाकाहारी जेवण कुठे मिळेल?

मावशींना मधुमेह आहे, तेव्हा पुण्याहून त्यांच्यासाठी काय न्यावं, हेही सुचवा.