टक्कल: गोळी, औषध की थेट ट्रान्सप्लांट?

भांडुपचा_पक्या
वय २९. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळूवरही विरळ. बाबांना तिशीतच टक्कल पडलेलं. आई म्हणते टँकरच्या पाण्याने, मित्र म्हणतात हेल्मेटमुळे. अंधेरीतल्या एका क्लिनिकमध्ये गेलो, तर डॉक्टर भेटायच्या आधीच टायवाल्या काउन्सेलरने तीन हजार ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके), पीआरपी नावाची इंजेक्शनं आणि हप्त्यांची सोय कागदावर मांडून दिली. आजच बुक केलं तर डिस्काउंट. स्थळं बघणं चालू आहे म्हणून घाई. आणि गोळीने म्हणे 'तसला' त्रास होतो?

सुकी_चटणी
कांद्याचा रस लाव. भावाने लावला होता. केस नाही आले, पण लोकलमध्ये त्याच्या बाजूची सीट रिकामी राहायची.

परळकर_काका
पक्या, डिस्काउंट आज संपत असेल तर संपू दे. पाणी नि हेल्मेट दोघंही निर्दोष. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं आणि ज्यांच्यात आनुवंशिकता असते त्यांची केसांची मुळं ते बारीक करत नेतं. मागच्या केसांना फारसं बाधत नाही, म्हणून बाबांची झालर अजून शाबूत असणार. ट्रान्सप्लांटला तिथलेच केस उपसतात आणि तो साठा मर्यादित. आत्ता पुढची रेघ भरलीस आणि मधले तुझे स्वतःचे गळत राहिले, तर पुढे झुडूप, मध्ये मैदान.

म्हणून आधी गळती थांबव. मिनॉक्सिडिल ५ टक्के मी लावतो. मूळचं ते रक्तदाबाचं औषध. खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले तेव्हा ते डोक्याकडे वळलं. पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्त गळतात. बाथरूमची जाळी बघून आमच्या हिने बाटली कचऱ्यात टाकायला काढली होती! चार-सहा महिने धीर धर. बंद केलंस की कमावलेलं जातं. घरात मांजर असेल तर जपून, तिला ते विषारी.

गोळी म्हणजे फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम; अमेरिकेत १९९७ पासून टकलासाठी मान्य. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं हे थोड्या जणांना होतं, बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर जातं. थांबवूनही त्रास राहिल्याच्या तक्रारी आहेत, हे लपवणार नाही. पूर्वी डिप्रेशन असेल तर डॉक्टरांना आधी सांग. गोळी चालू असताना रक्तदान नाही. लग्नानंतर बायको गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हात लावायचा नाही.

मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नकोस. केईएम, सायन, नायर, कुठेही सकाळी केसपेपर काढ आणि स्किनच्या ओपीडीत दाखव. रांग असते, पण तिथे कुणी पॅकेज विकत नाही.

भांडुपचा_पक्या
धन्यवाद काका. काउन्सेलरचा फोन आलेला, डिस्काउंट उद्यापर्यंत वाढलंय म्हणे. पीआरपीचं काय?

परळकर_काका
आपलंच रक्त फिरवून त्यातले प्लेटलेट टाळूत टोचतात. काहींना फरक पडतो, पण प्रत्येक क्लिनिकची पद्धत वेगळी, त्यामुळे खात्रीने कुणी बोलू नये. सुरुवात त्याने नको.

ठाणे_स्लो
मी ट्रान्सप्लांट केलंय, एफयूई, म्हणजे एकेक पुंजका सुटा काढून लावायची पद्धत. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, खरं रूप दिसायला वर्ष जातं. डिसेंबरच्या मुहूर्तासाठी आत्ता करणार असशील तर फोटोत काही दिसणार नाही. करायचंच ठरलं तर एवढं विचार: ग्राफ्ट काढताना आणि लावताना डॉक्टर स्वतः खोलीत असतात, की टेक्निशियनच सगळं उरकतो? मी दोन ठिकाणी विचारलं, एका ठिकाणी विषयच बदलला.