बोअरमध्ये पाणी सोडून खचलेली जमीन वर येते का?

वडगावकर:
नमस्कार मंडळी. आमची वडगाव बुद्रुकची 22 वर्षं जुनी सोसायटी. बी विंगच्या पार्किंगमधली फरशी दोन पावसाळ्यांत चांगली चार बोटं खाली गेलीय. रविवारच्या मीटिंगमध्ये गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायचा विषय निघाला, तर एक सभासद म्हणाले, "सोडाच, जमीन आपोआप वर येईल. इटलीत व्हेनिस असंच उचलणार आहेत." हे खरं आहे का? माझी मुलगी जकार्तात असते, त्यामुळे जमीन खचण्याचा विषय निघाला की माझा जीव खालीवर होतो. तिथेही असं काही करता येईल का?

कोअरबॉक्स:
ताई, माती-तपासणीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलीत, म्हणून लिहितो.

आधी पार्किंग. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट. बोअरला पाणी लागतं ते त्याच्या भेगांमधून. पाणी उपसल्याने तो खडक खचत नाही आणि भरल्याने फुगत नाही. तुमची फरशी बसली ती खालचा भराव बांधकामाच्या वेळी नीट चोपला नव्हता म्हणून, नाहीतर ड्रेनेजची लाइन गळून मुरूम वाहून जातोय म्हणून. लाइन आधी तपासा. मग फरशी काढून मुरूम थराथराने, पाणी मारून चोपून घ्या. गच्चीचं पाणी बोअरमध्ये जरूर सोडा, फिल्टर लावून, पण ते उन्हाळ्यात टँकर कमी लागावेत म्हणून.

जकार्ताचं वेगळं आहे, तिथे खाली मऊ चिकणमाती आहे. मुंबईच्या खाडीतला गाळ आमच्याकडे मेणाने बंद केलेल्या नळ्यांमधून यायचा, राखाडी, हाताला लोण्यासारखा. त्याची 2 सेंटिमीटर जाडीची चकती कड्यात बसवायची, वर-खाली सच्छिद्र दगड, आणि वजन चढवायचं. पाणी पिळून निघत राहतं, डायलचा काटा 24 तास सरकत असतो. मग वजन उतरवायचं. काटा उलटा फिरतो, पण थोडासाच. चकती पाण्यातच बुडालेली असते, हवं तेवढं पाणी प्यायला मोकळी, तरी ती पहिली जाडी पुन्हा धरत नाही. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटलंय.

शहराखाली हेच होतं. भूजलाचा दाब वरचा थोडा भार पेलत असतो. उपसा झाला की तो भार मातीच्या कणांवर येतो आणि चिकणमाती दबते. उत्तर जकार्ताचे काही भाग असे 4 मीटरपर्यंत खचलेत. वाळूचे थर पाणी भरल्यावर थोडे उसळी घेतात, चिकणमाती जवळजवळ नाहीच.

सायकलवाला_धायरी:
काका, मग व्हेनिसचं काय? आणि जमिनीत पाणी दाबलं तर कोयनेसारखे भूकंप नाही का व्हायचे?

कोअरबॉक्स:
व्हेनिसचा प्रस्ताव खरा आहे. पदुआ विद्यापीठातल्या गाम्बोलाती आणि तेआतिनी यांनी तो मांडला: शहराभोवती 10 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात 12 विहिरी, 600 ते 800 मीटर खोलीवरच्या थरांत समुद्राचं पाणी, दहा वर्षांत 25 ते 30 सेंटिमीटर उचल. तिथली खरी मेख आहे ती उचल सगळीकडे सारखी होण्यात. एक कोपरा जास्त उचलला गेला तर जुन्या भिंती तडकतील.

प्रत्यक्ष झालेलं काम बघायचं तर कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. तेल काढून काढून बंदराचा भाग जवळपास 9 मीटर खाली गेला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर पाणी भरायला लागले आणि खचणं थांबलं. थांबलं, एवढंच, थोडी जमीन वर आली, पण ते 9 मीटर गेले ते गेलेच. शांघायमध्ये 1960 च्या दशकापासून हिवाळ्यात थंड पाणी जमिनीत भरत आणि उन्हाळ्यात गिरण्या गार ठेवायला तेच काढत. मला तर ही युक्ती फार आवडते. टोकियोने उपशावर बंदी घातली आणि काही भाग 4 मीटरहून जास्त खचल्यावर का होईना, शहर सावरलं. जकार्तालाही आधी घरोघर नळाचं पाणी द्यावं लागेल, तेव्हाच लोक बोअर बंद करतील.

भूकंपाची शंका रास्त आहे. कोयनेत 1967 साली धरणाच्या पाण्याने आधीच ताणलेल्या भेगा सरकल्या. डेन्व्हरजवळ 1962 पासून खोल विहिरीत सांडपाणी दाबलं, तिथेही जमीन हादरायला लागली. म्हणून दाब किती आणि खाली भेगा कुठे, हे बघूनच पंप सुरू करायचा.

वडगावकर:
काका, खूप आभार. मुलगी दक्षिण जकार्तात राहते, आत्ताच तिला फोन करून विचारलं. गुरुवारी प्लंबर येतोय, बी विंगच्या दोन फरश्या काढून लाइन बघणार आहोत.

कोअरबॉक्स:
फरशीखाली पोकळी दिसली तर हात घालू नका, आधी फोटो टाका इथे.