पगचा टाळू: लेझरने की साध्या शस्त्राने?

तापीकाठ (भुसावळ):
पग जातीचा कुत्रा, नर, 3 वर्षं, वजन 11 किलो. झोपेत जोरात घोरतो, उन्हात थोडा चालला की जीभ जांभळी पडते. मऊ टाळू (तोंडाच्या छताचा घशाकडचा भाग) लांब आहे, लेझरने कापू, असं डॉक्टर म्हणतात. खरंच फायदा आहे की नुसता खर्च? घरच्या मादीची नसबंदीही लेझरनेच करावी का?

चीरटाका (जळगाव):
भाऊ, टाळूसाठी जरूर करा, नसबंदीसाठी गरज नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण 10,600 नॅनोमीटरचा. पेशीतलं पाणी तो शोषून घेतं, पेशीची वाफ होते आणि साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या कापतानाच बंद होतात. पगचा घसा चिंचोळा. तिथे रक्त साचलं की कापायची रेघच दिसत नाही, वर सूज आली तर श्वास अडतो. म्हणून इथे लेझरचे पैसे वसूल होतात. नसबंदीत अंडाशयाची रक्तवाहिनी मोठी असते, ती दोऱ्याने बांधावीच लागते.
मशीन कोणतं ते विचारा. डायोड लेझरची उष्णता जास्त खोल जाते. टाळू कापायचा तो स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या टोकाला जेमतेम टेकेल इतकाच. जास्त कापला तर पाणी नाकातून येतं, अन्न फुप्फुसात जायची भीती राहते.

भूलतज्ज्ञ (धुळे):
श्वासनळीतल्या नळीतून ऑक्सिजन चालू असतो. किरण नळीवर पडला तर ती पेट घेते! नळीभोवती सलाईनने ओलं गॉज हवंच, आणि ते सुकू द्यायचं नाही. जवळपास स्पिरिट नको. डोळे झाकलेले हवेत, धूर ओढणारी नळी जखमेलगत हवी. काळी खरपूड ओल्या गॉजने पुसत राहावं; ती उष्णता धरते आणि खालचा भाग भाजतो.
आधी रक्त तपासा, विशेषतः प्लेटलेट्स. आपल्याकडे गोचीडतापाने त्या उतरतात, आणि ती उणीव लेझर भरून काढत नाही. शुद्धीवर येताना श्वासनळीतली नळी शक्य तितकी उशिरा काढायची.

सातपुडा (नंदुरबार):
रात्रभर दवाखान्यातच ठेवा. मेच्या उन्हात त्याच दिवशी गाडीने परत आणू नका. 10 ते 14 दिवस मऊ गोळे करून भरवा, कोरडे दाणे बंद. गळपट्टा कायमचा काढून छातीचा पट्टा घाला. मेडिकलमधली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अजिबात नको. सुजेसाठी स्टिरॉइड दिलं असेल तर सोबत दुसरं वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

तापीकाठ:
घोरणं पूर्ण थांबेल?

चीरटाका:
कमी होईल, पूर्ण थांबेलच असं नाही. नाकपुड्या अरुंद असतील तर त्याच भुलीत मोठ्या करून घ्या. आणि पगला 6 ते 8 किलो पुरे. मापून खाऊ घाला, पोळीचे तुकडे बंद करा. पण जीभ जांभळी पडतेय, तेव्हा वजन उतरायची वाट पाहत बसू नका. उन्हाळा तापायच्या आत तारीख घ्या, तोवर फिरवणं सूर्य उगवायच्या आधीच.