केमोथेरपीचे ‘होणारच’ असे दुष्परिणाम कळवावेत का?

प्रश्न – औषधनिर्माती, नाशिक रोड
नमस्कार. मी एका खासगी रुग्णालयाच्या केमोथेरपी विभागात काम करते. उलट्या, तोंड येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे आमच्याकडे रोजचेच असल्याने त्याची नोंद केसपेपरच्या पुढे जात नाही. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा (औषधांच्या दुष्परिणामांची देशभरातून नोंद घेणारा उपक्रम) अर्ज अशा माहीत असलेल्या त्रासांसाठीही भरायचा असतो का? शिवाय तीन-चार औषधे एकाच वेळी चालू असताना त्रास नेमका कशामुळे झाला, हे कसे ठरवावे?

उत्तर – औषधशास्त्राचे अध्यापक
होय, भरावा. 2010 साली सुरू झालेल्या आणि गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालवल्या जाणाऱ्या या कार्यक्रमात ज्ञात-अज्ञात, सौम्य-गंभीर असे सर्वच दुष्परिणाम स्वीकारले जातात. मृत्यू, जिवाला धोका, भरती करावे लागणे किंवा मुक्काम लांबणे, कायमचे अपंगत्व अशा घटना मात्र आधी कळवाव्यात. अर्ज भरण्यास संशय पुरेसा असतो, पुरावा लागत नाही. केमोथेरपीत त्रास देणारे औषध मुद्दाम पुन्हा देऊन पाहणे बहुधा शक्य नसल्यामुळे त्रास त्याच औषधामुळे झाला याबद्दलचा ‘निश्चित’ हा शेरा क्वचितच मिळतो. वेळ आणि औषधाचा स्वभाव यांवरच भिस्त ठेवावी लागते. केमोथेरपीच्या औषधांपैकी पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या डोसला, सलाईन सुरू होताच काही मिनिटांत दिसते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि श्रवणशक्तीवर, तर व्हिन्क्रिस्टिन मज्जातंतूंवर परिणाम करते. केवळ ‘जुलाब’ असे लिहू नये. 1 ते 5 पैकी तीव्रतेची श्रेणी (1 म्हणजे सौम्य, 5 म्हणजे मृत्यू), सुरू झाल्याची तारीख, बॅच क्रमांक आणि इतर चालू औषधे (आयुर्वेदिक काढेसुद्धा) लिहावीत.

उत्तर – परिचारिका, डे-केअर विभाग
सरांच्या उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते. पांढऱ्या पेशी डोसनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात आणि तोवर रुग्ण सुरगाणा, पेठ किंवा कळवणला घरी पोहोचलेला असतो. पेशी कमी असताना ताप म्हणजे गंभीर जंतुसंसर्ग असू शकतो; पण तिथे ताप आला, की गावातल्या दवाखान्यातून तापाची गोळी घेतली जाते, आणि जी घटना तातडीने भरती करण्याजोगी होती ती आमच्या कागदावर येतच नाही. म्हणून आम्ही घरी सोडताना थर्मामीटर वापरायला शिकवतो, 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास वाट न पाहता येण्यास बजावतो आणि पुढच्या सायकलला (औषधाच्या पुढच्या फेरीला) मधल्या दिवसांची विचारपूस करून मगच सलाईन लावतो. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधामुळे गार पाणी किंवा गार हवा लागताच बोटांना, घशाला मुंग्या येतात. निफाडकडचे रुग्ण पौषात हा त्रास थंडीच्याच खात्यावर टाकतात. नेमके विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, ताई. रुग्णाला किंवा नातेवाइकांना स्वतः कळवता येते का?

अध्यापक
येते. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज असून तो मराठीतही उपलब्ध आहे. 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांकही आहे. मात्र तापासारख्या प्रसंगी आधी रुग्णालय गाठावे, अर्ज नंतर भरता येतो.