वजनाचं इंजेक्शन आणि झडणारे केस : बायकांसाठी अनुभव धागा

वजन कमी करायच्या इंजेक्शनाला आता गावात 'पेन' एवढंच म्हणतात. यातलं टिरझेपटाइड हे औषध भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. नागपूर-अमरावतीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं पेन आता तालुक्याच्या गावातल्या फ्रिजमध्येही असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फणीत केसांचा गुच्छ दिसला की बाई घाबरते. मग एक तर पेन बंद करते, नाहीतर मेडिकलमधून मिळेल ती केसांची गोळी आणते. अशा बायका ज्यांच्याकडे रोज येतात त्यांनी इथे लिहावं ही विनंती. प्रमाण लिहा, वेळ लिहा, काय चुकतं आणि का ते लिहा.

त्वचारोग डॉक्टर, जिल्ह्याचं ठिकाण

आधी केस का झडतात ते. डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात आणि बाकीचे विश्रांतीत. शरीराला अचानक अन्न कमी पडायला लागलं की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात. तिथे ते दोन-तीन महिने मुळात तसेच बसून राहतात आणि मग एकत्र गळतात. मृगात झडणाऱ्या केसांचं कारण फाल्गुन-चैत्रात शोधावं लागतं. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंगीनंतर, पोटाच्या वजन-शस्त्रक्रियेनंतर जे होतं तेच हे.

औषधांच्या चाचण्यांमध्ये हे दिसलेलं आहे. सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅम घेणाऱ्या प्रौढांत सुमारे ३ टक्के लोकांचे केस गळले, खोटं औषध (तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली सुई) घेणाऱ्यांत १ टक्का. टिरझेपटाइडवर बायकांत ७.१ टक्के आणि पुरुषांत ०.५ टक्के. खोट्या औषधावरच्या बायकांत १.३ टक्के. औषधाच्या माहितीपत्रकातच ही गळती वजन घटण्याशी जोडलेली आहे. सुई थेट केसाच्या मुळावर मारा करते असं समजून पेन फेकू नका. आज पेन बंद केलं तरी विश्रांतीत गेलेले केस पुढचे दोन-तीन महिने पडणारच, आणि गेलेलं वजन मात्र परत येऊ लागतं.

बघायचा तो वेग. आठवड्याला अर्धा ते एक किलो ठीक. सलग महिनाभर त्याहून जास्त उतरत असेल तर पुढचा डोस चढवायच्या आधी डॉक्टरांना वजनाची वही दाखवा. डोस दर चार आठवड्यांनी वाढवता येतो, पण वाढवलाच पाहिजे असं नाही. आहे त्याच डोसवर आणखी एक-दोन महिने थांबता येतं. हे सांगितलंच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आरोग्य सेविका, उपकेंद्र, यवतमाळ जिल्हा

"लय झडून रायले" यावरून काही ठरवता येत नाही, मोजावं लागतं. डोकं धुवायच्या आधी, सलग तीन दिवस, सकाळी पांढरं धोतर किंवा पिलोकव्हर मांडीवर पसरून केस पुढे घ्यायचे आणि घड्याळ लावून एक मिनिट फणी फिरवायची. पडलेले केस मोजून वहीत लिहायचे. दहा-पंधरा पडले तर रोजचंच आहे. चाळीस-पन्नास पडत असतील तर गळती खरी. महिन्याने परत तसंच मोजायचं, त्याच फणीने. दिवसभरात ५० ते १०० केस तर कुणाचेही जातात. तीन दिवसांनी धुतलं की तीन दिवसांचे एकदम हातात येतात आणि बाई हादरते.

मग केसाचं टोक बघा. मुळाशी बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून आलाय, डॉक्टरांनी लिहिलं ते हेच. गाठ नसेल आणि केस अर्ध्यावरच तुटलेला असेल तर तो कोरडेपणाने, खाऱ्या पाण्याने किंवा ओढून बांधल्याने तुटलाय. त्याला रक्ततपासणीचा उपयोग नाही.

शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये अनेक गावांतल्या लोकांना अचानक टक्कल पडलं, ती आठवण अजून ताजी आहे, म्हणून बुलडाण्याकडच्या बायका पटकन घाबरतात. तिथे तीन-चार दिवसांत डोकं मोकळं होत होतं, लेकरं-पुरुष सगळ्यांचं, आणि संशय धान्यातल्या जास्त सेलेनियम या खनिजावर गेला. पेनवाल्या गळतीत असं होत नाही. केस सगळीकडून विरळ होतात, टक्कल पडत नाही. घरात पेन न घेणाऱ्यांचेही केस जात असतील तर पेनला दोष देत बसू नका, आरोग्य केंद्रात कळवा.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, उपजिल्हा रुग्णालयाजवळ

तपासण्या एवढ्याच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी१२ आणि डी जीवनसत्त्व. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिनमध्ये दिसतो. ३० च्या खाली म्हणजे साठा संपलेला. उलट ताप, सूज, जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं येतं, म्हणून तापात रक्त देऊ नका.

केसांच्या गोळीत बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. ते चालू असताना थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायच्या किमान दोन-तीन दिवस आधी ती गोळी थांबवा आणि घेत होतात हे तंत्रज्ञाला सांगा. हे कोणीही विचारत नाही, तुम्हीच सांगा.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, गडचिरोली-चंद्रपूरकडे तर जास्तच. सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः रक्त चढवलेलं असेल तर, शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. तपासणी न करता लोहाची गोळी सुरू करू नये.

पोषण आणि आहार सांगणारी, बचत गटासोबत काम, वर्धा जिल्हा

माझ्या मते निम्मं काम ताटात आहे. पेनमुळे भूक मरते, चार घासांत पोट भरतं, आणि ते चार घास भाकर-ठेच्याचे असतात. केस प्रथिनाचा बनतो. शरीराला प्रथिन कमी पडलं की ते आधी केसांचंच तोडतं.

हिशेब असा. उंचीला योग्य वजन ५५ किलो असेल तर दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आकडा धरू नका. सकाळी दोन अंडी किंवा ५० ग्रॅम मुगाचं धिरडं, १२ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण साडेसहा, ज्वारीची एक भाकर पाच, वाटीभर दही पाच. चारच्या सुमारास मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे, सहा-सात. रात्री सोयाबीन वड्या ३० ग्रॅम कोरड्या मोजून, पंधरा, सोबत अर्धी भाकर. झोपताना पेलाभर दूध, सहा-सात. हे साठीच्या आसपास जातं, आणि यात महागाचा डबा कुठेही नाही. मुंगवड्यांची भाजी, घट्ट बेसन, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी अधूनमधून. चटणी चव म्हणून घ्या, तिच्यावर प्रथिनाची भिस्त ठेवू नका.

चुकतं ते पातळ वरणात. घरातल्या सहा माणसांच्या पातेल्यात दोन मुठी डाळ आणि वर तांब्याभर पाणी, तर वाटीत येतं ते डाळीचं पाणी. बाईने आपल्या वाटीत तळाची डाळ घ्यायची, यात लाजायचं काही नाही. दुसरी चूक क्रमात. आधी अंडं, वरण, वडी खा, भाकर मागून. उलट केलं की प्रथिनाची वेळ येईस्तोवर पोट बंद होतं. मळमळ असेल त्या दिवशी, बहुधा सुईनंतरचे एक-दोन दिवस, थोडं थोडं पाच वेळा खा. ताक-सत्तू चालतं.

घरच्या सोयाबीनबद्दल. कच्चं किंवा नुसतं दळलेलं सोयाबीन वापरू नका, त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मरतो. आठ तास भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये नीट शिजवा, कडक उन्हात वाळवा, मग ९ किलो गव्हात १ किलो घालून गिरणीतून आणा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाबीन, लोह आणि कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास लांब.

उपासाचं स्पष्ट सांगते. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा आणि वर पेन, हे पौषात फणीत दिसतं. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. उपास सोडवत नसेल तर राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही धरा.

मेडिकल स्टोअर, बाजाराचं गाव

सर्वांत जास्त खपते ती बायोटिन आणि रंगीत गमी. बायोटिन शरीरात कमी नसेल तर ते देऊन केस वाढत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे तीन-तीन गोळ्या एकत्र घेणं. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं की केस उलट गळतात. पाकिटाची मागची बाजू वाचा, दोन गोळ्यांत एकच घटक असेल तर एक बंद करा.

लोहाची गोळी चहासोबत घेतली तर वाया जाते. आधी-नंतर एक तास चहा नको, लिंबूपाणी चालेल. पेनमुळे पोट आधीच साफ होत नसतं, लोहाने आणखी घट्ट होतं, मग बाई आठ दिवसांत गोळी सोडते. एक दिवसाआड घेतली तर त्रास कमी आणि शरीरात शोषणही चांगलं होतं, डॉक्टरांना तसं विचारा.

मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केसांचं औषध, प्रत्येकीला लागत नाही. नुसती वजनाची गळती असेल तर बहुतेकींना त्याशिवाय केस येतात. भांग रुंद होत चालला असेल तर डॉक्टर देतात: २ टक्के, १ मिलिलिटर दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर, केसांवर नाही. हात धुवा, चार तास डोकं ओलं करू नका, कपाळावर ओघळू देऊ नका, नाहीतर तिथे लव येते. पहिले दोन ते आठ आठवडे गळती वाढते, नेमकी तेव्हाच बाटली फेकली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने लावू नये. घरात मांजर असेल तर तिला चाटू देऊ नका, तिच्यासाठी ते विष आहे.

आणखी एक, केसांचं नाही पण सांगायलाच हवं. टिरझेपटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे, गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, सोबत कंडोम वापरा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं.

ब्युटी पार्लर, अकोला जिल्हा, खारपाण पट्टा

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, केस काथ्यासारखे होतात. त्याने मूळ जात नाही, केस तुटतो, आणि आधीच विरळ डोक्यावर ते दुप्पट दिसतं. डोकं धुवा त्याच पाण्याने, पण शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड पाण्याचे किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या. शॅम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. पाणी कोमट, कढत नाही.

झडतात म्हणून आठ-आठ दिवस न धुणाऱ्या बायका येतात. धुतल्याने केस जात नाहीत, सुटलेला केसच पाण्यात येतो. घाम, धूळ, वावरातून आल्यावर बांधलेला रुमाल, यात कोंडा वाढतो. कोंडा असेल तर कीटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा.

ओल्या केसांची वेणी घालू नका, बुचडा घट्ट नको. लग्नसराईत गंगावन लावतात, त्याचा भार विरळ केसांवर पडतो आणि कपाळाच्या कडेने केस उपटले जातात. तेल लावायचं तर लावा, गुंता सुटतो, पण तेलाने नवीन केस उगवत नाही आणि जोरात चोळलं तर सुटलेले सगळे एकदम हातात येतात. भांग रोज थोडा सरकवून पाडा, एकाच रेषेत टाळू उघडी राहिली की ऊनही तिथेच लागतं. खांद्यापर्यंत कापले तर दाट दिसतात. सासूबाईंना आवडणार नाही हे ठाऊक आहे, तरी चार बोटं तरी कमी करा.

आशा, चंद्रपूर जिल्हा

ताई, नियम एवढाच ध्यानात ठेवा: २० ते ४९ वयाच्या बाईला आमच्याकडून आठवड्याला एक लाल गोळी मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती कमतरता होऊ नये म्हणून आहे. कमतरता आधीच असेल तर डोस वेगळा, तो डॉक्टर ठरवतात. लाल गोळी चालू आहे म्हणून फेरिटिन टाळू नका. आणि घरात कोणी "सुईनंच टकली होशील" म्हणत असेल तर त्यांना वहीतले आकडे दाखवा, वाद घालू नका.

त्वचारोग डॉक्टर

बायका विचारतात, गळती किती दिवस चालणार. कारण दूर झाल्यावर गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वेणी पूर्वीसारखी व्हायला वर्ष-दीड वर्ष धरा.

पण काही गोष्टींत वाट बघू नका. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, भुवयाही गेल्या, टाळूवर खाज आणि खपल्यांचं गोल वर्तुळ आलं, टाळू चकचकीत होऊन छिद्रंच दिसेनाशी झाली, पाळीत रक्त फार जातंय, किंवा सहा महिने उलटूनही मोजणी खाली येत नाही, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सेवाग्रामच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. येताना पेनचं खोकं, डोस कधी कधी वाढवला त्या तारखा, वजनाची वही आणि चालू असलेली प्रत्येक गोळी सोबत आणा.

परत येतात की नाही हे घरीच बघता येतं. उजेडाकडे पाठ करून कपाळाच्या रेषेमागे कापड धरा, पिकल्या केसांना काळं, काळ्या केसांना पांढरं. बारीक टोकाचे, दोन-तीन सेंटिमीटरचे, उभे राहणारे केस दिसले तर ते दोन-तीन महिन्यांपूर्वी उगवलेले आहेत. ते फणीने चापून बसवू नका, पिनेने ओढू नका.