टीवायबीए, अमेरिकन शासनव्यवस्था: सगळं बहुमत हातात असून विधेयक का अडतं?

घोडबंदर_टीवाय
ठाण्यात टीवायबीएला आहे. अध्यक्षांचे अधिकार, सिनेटची रचना पाठ आहे. पण ‘अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाची असूनही कायदा का होत नाही?’ असा फिरवून प्रश्न आला की चार ओळींत गाडी थांबते. उत्तर मांडायचं कसं? शिवाय इलेक्टोरल कॉलेजची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळाची, बेरीज जुळत नाही. प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १०० म्हणजे ५३५. मग ५३८ कुठून?

वाशी_सेक्टर९
वरची ३ राजधानी वॉशिंग्टन डीसीची. ती १९६१ च्या २३व्या घटनादुरुस्तीने मिळाली. ५३८ चे निम्मे २६९, म्हणून जिंकायला २७०. ‘राज्य जिंकलं की सगळी मतं’ हे सरसकट लिहू नका. मेन आणि नेब्रास्कात राज्यभर जिंकणाऱ्याला २ मिळतात, बाकीची मतदारसंघागणिक वाटली जातात. २६९-२६९ झालं तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, पण तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. म्हणजे २६ राज्यं लागतात.

कोपरी_पूल
मूळ प्रश्नात बहुतेकांची गफलत एकच असते: दिल्ली डोक्यात ठेवून वॉशिंग्टन वाचतात. आपल्याकडे सरकार लोकसभेच्या बहुमतावर तगतं आणि व्हिप मोडला तर दहाव्या अनुसूचीखाली खासदारकी जाऊ शकते. तिकडे व्हिप हे पद आहे, पण त्याचं ऐकलं नाही म्हणून कोणाची जागा जात नाही. उमेदवारीही बहुतेक ठिकाणी प्रायमरीतले (पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतले) मतदार ठरवतात, त्यामुळे सदस्याची नजर पक्षश्रेष्ठींपेक्षा मतदारसंघाकडे जास्त. आणि विधेयक पडलं तरी अध्यक्ष खुर्चीवर कायम.

आता दोन उदाहरणं घ्या, पण एकत्र कालवू नका. जुलै २०१७: अध्यक्ष, प्रतिनिधिगृह, सिनेट, तिन्ही रिपब्लिकनांकडे. तरी ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याचे मुख्य भाग काढण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ४९-५१ ने पडला, कारण मॅकेन, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या त्यांच्याच तिघांनी विरोधात मत दिलं. इथे फिलिबस्टर (चर्चा लांबवून सिनेटमध्ये मतदान रोखणं) लिहिलंत की मार्क गेलेच. तो प्रस्ताव अर्थसंकल्पाशी जोडलेल्या रिकन्सिलिएशन प्रक्रियेतून आला होता, तिथे साधं बहुमत पुरतं.

जानेवारी २०२२ चं मतदान हक्क विधेयक मात्र खरोखर फिलिबस्टरमुळे अडलं. तेव्हा सगळं डेमोक्रॅटांकडे होतं, पण चर्चा संपवायला लागणारी ६० मतं जमेनात. ही ६० ची अट राज्यघटनेत शोधू नका, ती सिनेटच्या स्वतःच्या नियमांतली आहे. नेमणुकांना ती लागू नाही: बहुतेक पदांसाठी २०१३ मध्ये गेली, सर्वोच्च न्यायालयासाठी २०१७ मध्ये.

उत्तराचा क्रम: आधी सत्ताविभाजन, मग समिती (बरीच विधेयकं तिथेच विझतात), मग पक्षशिस्त, शेवटी फिलिबस्टर. शेवटच्या दोहोंखाली वरचं एकेक उदाहरण.

नौपाडा_वाचक
गाइड बाजूला ठेवून मूळ घटना वाचा. दुरुस्त्या सोडल्या तर जेमतेम ४,५०० शब्द, ठाणे ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये संपते. निदान पहिली तीन कलमं: काँग्रेस, अध्यक्ष, न्यायालय. मात्र कलम १ मध्ये सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडतात असं दिसेल. ते १९१३ च्या १७व्या दुरुस्तीने बदललंय, तसंच उतरवू नका. फेडरॅलिस्ट पेपर्स (घटनेच्या बाजूने तेव्हा लिहिलेले निबंध) सगळे नकोत, १० आणि ५१ पुरे. काँग्रेस डॉट गव्ह या साइटवर कुठलंही विधेयक उघडून ‘अॅक्शन्स’ टॅब बघा, ते कुठल्या तारखेला कुठे अडलं ते ओळीने दिसतं.

घोडबंदर_टीवाय
खूप आभार. यात नकाराधिकारही घालू का?

कोपरी_पूल
या प्रश्नात नको. सगळं एकाच पक्षाकडे असताना विधेयक सहसा अध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधीच अडतं. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांशांनी व्हेटो उलटवणं वगैरे ‘विभागलेलं सरकार’ या प्रश्नासाठी राखून ठेवा.